मच्छर जिवंत पाहिजे

पोटासाठी माणूस काय नाही करत? मी पंचवीस वर्षं मच्छर ओढले. तोंडानं. खोटं वाटत असेल तर चंद्रपूरला आमच्या गल्लीत येऊन विचारा, "मच्छरवाला कुठी राहते?" शेंबडं पोरगंही घर दाखवील. कागदावर माझा हुद्दा होता 'कीटक समाहारक'. लग्न जुळताना हे शब्द ऐकून सासरे एकदम खूश झाले होते. जावई मोठा साहेब दिसते, असं त्यांनी चार लोकांत सांगितलंही. खरं काम कळलं तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

काम असं. हातभर काचेची नळी, तिला जोडलेली रबराची नळी, आणि मच्छर सरळ घशात जाऊ नये म्हणून मध्ये जाळीचा बारीक तुकडा. संध्याकाळी गुरं परतली की टॉर्च घेऊन गोठ्यात शिरायचं. भिंतीवर, गाईच्या पोटाखाली मच्छर बसलेला दिसला की काचेचं तोंड त्याच्यावर अलगद धरायचं आणि रबराच्या टोकानं हलकेच श्वास ओढायचा. मच्छर नळीत. आठ-दहा जमले की जाळीच्या पिंजऱ्यात फुंकर मारून सोडायचे. तासाला किती मिळाले ते लिहून वर पाठवायचं. पुढे त्या मच्छराचं काय होतं, याच्याशी आपल्याला घेणं नाही, देणं नाही. आमच्या खात्यात मच्छर मोजायचा असतो, जगवायचा नसतो.

नोकरीची शेवटची चार-पाच वर्षं उरली होती, तेव्हा मला एका संशोधनाच्या कामावर धाडलं. अहेरीच्या पुढे, जंगलातलं एक गाव, आणि मुक्काम धानाचा पूर्ण हंगाम. मी भयंकर चिडलो. या वयात मलेच काऊन, बाकीचे काय मेले का, असं ऑफिसात ओरडून आलो. बायको मात्र डबा भरताना म्हणाली, "जा बापा. तेवढीच घराले शांती."

संशोधक म्हणून बाहेरून एक बाई आल्या होत्या. ठेंगण्या, केस पिकलेले, आणि पायात पांढरे मोजे, तेही पँटच्या वरून गुडघ्यापर्यंत ओढलेले. अशा अवतारात त्या जीपमधून उतरल्या तेव्हा मी ड्रायव्हरला डोळा मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तर कहरच. बाईंनी एक पांढरं फडकं काठीला बांधलं आणि जंगलातल्या गवतावरून ते ओढत निघाल्या. गावातल्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या. एक म्हणाली, "माय वं! या बाई जंगल झाडून राह्यल्या का?"

त्या फडक्याला गोचीड चिकटतात. बाईंनी कोकणात माकडतापावर काम केलं होतं. तो ताप गोचिडातून येतो. डेंग्यू, माकडताप, मेंदूज्वर हे विषाणू एकाच खानदानातले, असं त्या म्हणायच्या. कोणी मच्छरावर बसून येतो, कोणी गोचिडावर. आमच्या जंगलात माकडताप कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून त्या पाहत होत्या. महिनाभर फडकं ओढून काही मिळालं नाही. त्यांनी वहीत सुबक अक्षरात लिहिलं, 'आढळले नाही', आणि खाली रेघ मारली. मी म्हटलं, "बाई, म्हणजे महिना पाण्यात गेला." तर म्हणाल्या, "नाही भाऊ. पुढे जो येईल त्याचा महिना वाचला." मी घरी फोनवर बायकोला सांगितलं की एक वेगळंच पाखरू भेटलं आहे.

खरं काम मात्र मेंदूज्वराचं होतं. जपानी मेंदूज्वर म्हणतात त्याला, पण लेकरं आपल्या बांधावरची मरतात. हा विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो. त्यांना काही होत नाही. धानाच्या बांधीतल्या पाण्यात जन्मलेला मच्छर त्यांना चावतो, मग माणसाला. बहुतेक माणसांनाही काही होत नाही, पण एखाद्या लेकराच्या मेंदूत तो शिरतो आणि मग देव आठवतो. या गावात बांध्या होत्या, बोडी म्हणजे लहान तळं होतं, बगळे होते, घरोघर डुकरं होती. विषाणू आहे का, एवढंच पाहायचं होतं.

आमचा मुक्काम उपकेंद्राच्या दोन खोल्यांत आणि जेवण गावच्या आशाताईकडे. तिशीची बाई, घरात माडिया बोलणारी, आमच्याशी आपली झाडीपट्टीची मराठी. गावातल्या आजाऱ्यांना गोळ्या देणं, बाळंतिणींना दवाखान्यात नेणं, तापाचं रक्त तपासणं हे तिचं काम. पहिल्या दिवशी आम्हाला भात-वरण वाढून झाल्यावर तिनं फडताळातून एक डबी काढली. डबीत मलेरिया तपासायच्या किटची जुनी पट्टी होती, कागदात गुंडाळलेली.

"बाई, तुमी शिकलेल्या हा. इथी दोन रेघा आहेत का नाई, सांगा."

मग तिनं सांगितलं. मागच्या वर्षी पाऊस सरता सरता तिची सहा वर्षांची पोट्टी तापली. या भागात ताप म्हटला की आधी बोट टोचतात. तिनं टोचलं, किटवर रक्त टाकलं, दोन रेघा उमटल्या. दोन रेघा म्हणजे मलेरिया. तिनं गोळ्या सुरू केल्या आणि पोरीला घरीच ठेवलं, गावातली कितीतरी लेकरं तिनं अशीच बरी केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारून पोरीला झटके आले आणि ती आईलाच ओळखेना. नाल्याला पूर, गाडी पलीकडे. खाटेवर टाकून नाला पार केला. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पोरगी गेली. तिथं तपासलेल्या रक्तात मलेरिया दिसला नव्हता. कागदावर लिहिलं होतं, मेंदूचा ताप, कारण अज्ञात.

गावाला तेवढं पुरलं. आशानं आपल्याच पोरीची किट चुकीची वाचली, भलत्या गोळ्या देऊन पोट्टी घालवली, असं लोक बोलू लागले. तिच्याकडून रक्त तपासून घ्यायला कोणी येईना.

"लोकाचं जाऊ द्या," ती म्हणाली. "तो ताप कोनता होता, एवढंच मले पायजे. मी गोळ्या देऊन थांबली, ते चुकलं का?"

माझा घास हातातच राहिला. बाईंनी पट्टी खिडकीशी नेऊन उजेडात बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, "दोन रेघा दिसतात. पण पट्टी वर्षभर जुनी आहे, हिच्यावरून मी शपथ घेणार नाही. आणि मलेरिया असतानाच दुसरा तापही असू शकतो. मी शोधते. सापडेलच असं सांगत नाही." आशाताईनं मान हलवली आणि पट्टी परत डबीत ठेवली.

त्या संध्याकाळी मी नळी घेऊन निघालो तो वेगळ्याच जोरात. डुकरांची खुराडी, गाईचे गोठे, सगळं पालथं घातलं. तासाभरात पिंजरा नुसता घुमत होता. बाई एकदम खूश. त्यांना मच्छर जिवंत पाहिजे होते, कारण मेला की वाळतो, कुजतो आणि आतला विषाणूही जातो. सकाळी बर्फावर ठेवून एकेकाची जात ओळखायची, रक्त प्यालेले वेगळे काढायचे, नाहीतर डुकराच्या रक्तातला विषाणू मच्छराच्या नावावर लागतो. बाकीचे चिमुकल्या कुप्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत ठेवायचे. टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ निघायची आणि गावातली पोरं दूर पळायची.

सकाळी पिंजऱ्यात पाहिलं तर बुडाशी मच्छरांचा सडा. चार-दोन धुगधुगी धरून. बाकी मेलेले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, उकाडा आहे. बाई म्हणाल्या, पाहू. त्यांची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक दिवस पिंजऱ्यावर ओला टॉवेल. एक दिवस पिंजराच नवीन. एक दिवस घरफवारणी न झालेला गोठा. एक दिवस जीप नको म्हणून पिंजरा हातात धरून त्या उपकेंद्रापर्यंत चालत आल्या. प्रत्येक बदल वहीत, प्रत्येक सकाळी मेलेल्यांची मोजणी वहीत. मी मनात म्हणायचो, अहो एकदम सगळंच बदला आणि मोकळे व्हा! पण मग कशानं मेले ते कधीच कळलं नसतं. हे मला आज कळतं, तेव्हा नुसता कंटाळा यायचा. यात तीन आठवडे गेले. आणि तीन आठवडे म्हणजे हंगामाचा ऐन गाभा होता. धान निसवलं, बांध्यांतलं पाणी उतरू लागलं की हा मच्छर सरतो. आशाताई रोज जेवण वाढताना विचारायची, "जगले का जी आज?" आणि आम्ही दोघं ताटात पाहायचो.

आता माझं सांगतो. मी खर्रा खातो. खात होतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला तो जिन्नस आमच्याकडे काय चीज आहे, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पाहुण्याला पाणी द्यायला उशीर झाला तर चालतं, खर्रा पुढे करायला उशीर झाला तर माणूस रुसतो. माझा तर पहाटेपासून गालात. गोठ्यात शिरतानाही गालात. इतकी वर्षं नळी ओढली, फुंकली, कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

एका संध्याकाळी आशाताई आमच्यासाठी टॉर्च धरून उभी होती. मी पिंजऱ्यात फुंकर मारली तशी तिनं पदर नाकाला लावला. म्हणाली, "भाऊ, राग नका मानू. तुमच्या फुंकरीनं मलेच गरगरून राह्यलं. त्या मच्छराचं काय होत असंन?"

झोंबल्या ना मिरच्या नाकाला! मी म्हटलं, "अवं, तू शाळेत जात असशीन तेव्हापासून मी मच्छर पकडून राह्यलो. आता तू शिकवशीन का मले?" आणखीही बोललो, ते लिहायला लाज वाटते. तिनं टॉर्चचा उजेड खाली वळवला. बाई मात्र जागच्या जागी थांबल्या होत्या. माझ्याकडे नाही, माझ्या गालाकडे पाहत होत्या.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "तंबाखूचं पाणी पूर्वी पिकावरच्या किडीवर फवारायचे, माहीत आहे?"

मला माहीत होतं. माझ्या आजोबांनी फवारलेलं मी पाहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. इथं तर कळसा गालात होता.

पण बाई तेवढ्यावर मानणाऱ्या नव्हत्या. आशाताई म्हणते म्हणून खरं नाही, आणि मी चिडलो म्हणून खोटंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन पिंजरे मांडले. एकाच गोठ्यातले मच्छर, संध्याकाळच्या एकाच वेळेला. पहिल्या पिंजऱ्यात मी गालात खर्रा ठेवून फुंकायचं. दुसऱ्यात आशाताईनं. तिसऱ्यात पुन्हा मी, पण चार दिवस खर्रा बंद ठेवून आणि नवी नळी घेऊन. म्हणजे तिसरा पिंजरा चार दिवसांनी भरायचा आणि त्याच्या सोबतीला आशाताईचा आणखी एक. ते चार दिवस मी कसे काढले ते मला आणि ड्रायव्हरला माहीत. डोकं फुटत होतं, भाताला चव नव्हती. ड्रायव्हरशी दोनदा भांडलो, एकदा तर जीपच्या टायरला लाथ मारली.

खर्र्याचा पिंजरा दुसऱ्या सकाळीच मेलेला होता. आशाताईचा भुणभुणत होता. चार दिवसांनी भरलेला माझा पिंजराही भुणभुणत होता. मी त्या जाळीला कान लावून उभा राहिलो. जन्मभर ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तो ऐकून डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरं सांगतो.

बाईंनी वही उघडली. वहीत लिहिलं, 'कारण : समाहारकाच्या तोंडातील खर्रा.' मला वाटलं, चला, लागली नोकरीला काळी रेघ. मग त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. 'माझी चूक : ही गोष्ट पहिल्याच दिवशी विचारायला हवी होती.' आणि सही केली. मी आयुष्यात पुष्कळ साहेब पाहिले. स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही ठोकणारा हा पहिलाच.

मी त्याच पावली आशाताईच्या अंगणात गेलो. ती डुकरांना कोंडा घालत होती. म्हटलं, "ताई, माह्यामुळं तुहे तीन आठवडे गेले. अन् वरून मीच बोललो तुले." ती म्हणाली, "मंग मले बी आता रोज ओढू द्या ना ती नळी." झाली माझी माफी.

आणि काय हात निघाला तिचा! सुरुवातीला दोन मच्छर गिळायच्या बेतात आले होते, सगळ्या बाया हसून हसून लोळल्या. आठवड्यात ती माझ्या पुढे गेली. डुकरं तिला ओळखायची, हलायचीसुद्धा नाहीत. मी गेलो की खुराडं डोक्यावर घ्यायची. राहिलेल्या दिवसांत आम्ही दोघांनी मिळून जेवढे जिवंत मच्छर टाकीत घातले, तेवढ्यावर बाई म्हणाल्या, पुरेत. बांध्या सुकल्या. टाकी प्रयोगशाळेत गेली.

निकालाचा फोन आला तेव्हा बाई आणि मी बोडीच्या पाळीवर उभे होतो, कारण गावात रेंज तेवढ्याच जागी. खुराड्यांतल्या मच्छरांच्या एका कुपीत मेंदूज्वराचा विषाणू सापडला होता. बाई फोनवर पुढचं विचारत होत्या, पण मी कुठला थांबतो? धावत सुटलो. आशाताईच्या दारातूनच ओरडलो, "ताई, सापडलं! तुह्या पोट्टीचं कारण सापडलं!" ती चुलीपुढून उठली आणि भिंतीला टेकली.

मागून बाई धापा टाकत आल्या. त्यांचा राग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "कोणी सांगितलं तुम्हाला हे? विषाणू मच्छरात सापडलाय. तिच्या मुलीत नाही." मग त्या आशाताईपुढे जमिनीवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "ताई, भाऊंनी घाई केली. या गावात हा ताप येऊ शकतो, एवढंच आज कळलं. तुझ्या पोरीला तोच होता, असं मी अजून म्हणू शकत नाही."

"मंग माह्या काय कामाचं ते?" आशाताई म्हणाली. एवढी कडवट मी तिला कधी ऐकली नव्हती. मी उभा होतो, जमीन दुभंगेल तर बरं असं वाटत होतं.

बाईंनी विचारलं, "दवाखान्यात तिच्या पाठीतून पाणी काढलं होतं का? सुईनं?" काढलं होतं. त्या पाण्यातून मेंदूचा ताप ओळखता येतो. ते कोणी पुढं तपासलं की नाही, राहिलं की फेकलं, कोणालाच माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "मी शोधू का? तू हो म्हटलंस तरच. तुझ्या लेकराचं आहे ते." आशाताईनं कागदावर सही केली. पेन इतका दाबला की पुढच्या पानावर उमटला.

बाईंच्या चिकाटीला मी पुढच्या दोन दिवसांत दंडवत घातला. जिल्ह्याच्या दवाखान्यात या टेबलावरून त्या टेबलावर, परवानगीचा अर्ज, मग यादी, मग दुसरी यादी. शेवटी एका शीतपेटीच्या तळाशी टिचभर कुपी मिळाली, वर पोरीचं नाव. बाईंनी ती तळहातावर धरली. मी टोपी काढली.

प्रयोगशाळेतला पहिला निकाल आठवड्यानं आला. मेंदूज्वर. मी म्हटलं, चला गावात. बाई म्हणाल्या, "नाही. डेंग्यू याचाच भाऊ आहे. एकाची चाचणी दुसऱ्याला पाहून फसते. ती शंका फेडून घेऊ." आणखी दहा दिवस! त्या दहा दिवसांत मी बाईंना मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल, ते देवाला माहीत. पण एकदा तोंड पोळलेलं, मी गप्प बसलो. दुसरी, कसून केलेली चाचणीही तेच बोलली. मेंदूज्वर होता.

आम्ही गेलो. आशाताईनं चटई टाकली. बाईंनी कागद तिच्या हातात दिला आणि एकेक ओळ वाचून सांगितली. किटवरचा मलेरियाही खराच असावा, गोळ्या सुरू झाल्यामुळे दवाखान्यात तो दिसला नसेल; या गावात निरोगी दिसणाऱ्या लेकरांच्या रक्तातही तो मिळतो. पण मेंदूत शिरलेला हा दुसराच होता. तो मलेरियाच्या किटवर दिसत नाही. ताप पाहून तिनं जे केलं, तेच तिला शिकवलं होतं.

आशाताई ऐकत होती. मग म्हणाली, "एक दिवस आधी नेली असती तं वाचली असती का?"

मी बाईंकडे पाहिलं. मनात म्हणत होतो, नाही म्हणा. म्हणून टाका ना नाही!

बाई म्हणाल्या, "माहीत नाही, ताई. या तापावर औषध नाही. पण दवाखान्यात झटके आवरतात, श्वास सांभाळतात, त्यानं काही लेकरं वाचतात. तुझी वाचली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही."  आशाताई उठून आत गेली.

बाहेर आल्यावर माझं डोकं सरकलं. "काय गेलं असतं तुमचं? एक शब्द खोटा बोलल्या असत्या तर माय सुखानं झोपली असती! विज्ञान बुडालं असतं काय?" बाई जीपला टेकून उभ्या होत्या, डोळे पुसत. म्हणाल्या, "एक खोटं आज बोलले असते, तर बाकीचं खरं तिनं कशावरून मानावं? तिला गावात राहायचंय भाऊ, या कागदाच्या भरवशावर." मला पटलं नाही. मी तसाच धुसफुसत चंद्रपूरला परतलो.

पुढच्या उन्हाळ्यात त्या भागात मेंदूज्वराच्या लसीची मोहीम निघाली. मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो. का गेलो, मलाच नीट माहीत नव्हतं. शाळेच्या पडवीत नर्सबाई लसीचा डबा घेऊन बसलेल्या, आणि समोर पाच-सहाच लेकरं. आशाताई घरोघर निघाली, मी तिच्यासोबत.

एका घरी बाप दारातच आडवा उभा. म्हणाला, "तुही पोट्टी तुले नाई वाचवता आली. आता आमच्या लेकराले कायले टोचते?" माझी मूठ वळली. पुढे सरकणार तोच आशाताईनं हात आडवा केला.

"माही पोट्टी मेंदूज्वरानं गेली," ती म्हणाली. आवाज वर नाही, खाली नाही. "मलेरिया बी होता तिले. मी किट बराबर वाचली होती. एक दिवस आधी नेली असती तं वाचली असती का, ते मले मालूम नाई. कोनालेच मालूम नाई. तिच्या टायमाले ही लस नोती. आता आली."

त्यानं दाराची चौकट धरली. मग विचारलं, "टोचली म्हणजे काईच नाई होनार? लिहून देशीन?"

"नाई देनार. लस घेतलेलं लेकरू बहुतेक वाचते. बहुतेक. मी खोटं नाई सांगत."

माणूस तिच्याकडे पाहत राहिला. बायको आतून पाहत होती. मग तो मान वळवून म्हणाला, "आन वं पोट्टीले."

पोरगी सहा-सात वर्षांची असेल. शाळेच्या पडवीपर्यंत आली, पण सुई पाहताच बापाच्या पायाला बिलगली आणि गळा काढला. आशाताई खाली बसली, तिला मांडीवर ओढलं, तोंड आपल्या खांद्यात लपवलं आणि दंड पुढे केला. क्षणात टोचून झालं. पोरीचं रडणंही थांबलं.

"झालं ताई," नर्सबाई म्हणाल्या. "सोड आता तिले."

आशाताईनं सोडलं नाही. बाप समोर उभा होता, मागं रांगेत लेकरं येऊन उभी राहत होती, आणि तिनं त्या पोरीला दोन्ही हातांनी तसंच धरून ठेवलं. आम्ही कोणीच घाई केली नाही.